न्यूट्रल भिंत

गुढियारी, रायपूर
१० जानेवारी २०२२

लोकेशदादा,

सप्रेम जयभीम. घाबरू नकोस, पाकिटावर नाही लिहिलेलं. पाकिटावर फक्त 'लोकेश कुमार' आणि फ्लॅटचा नंबर आहे. तुझ्या सोसायटीच्या वॉचमनला काही कळायचं नाही.

पत्र कशाला, मेल का नाही, असं तुला वाटेल. मेलमध्ये बाबांचं नाव आलं की तुझं उत्तर येत नाही, हे मला पुरतं कळून चुकलंय. मेल न वाचता पुसता येतो. पत्र फाडायच्या आधी तरी माणूस वाचतो.

इंटर्नशिपबद्दल आभार. कॉलेज संपल्यापासून मी घरात बसून आईचं डोकं खात होते. आईने तुला फोनवर सांगितलं आणि तू तुझ्या मसाल्याच्या कंपनीच्या जाहिराती करणाऱ्या एजन्सीत माझं नाव टाकलंस. ऑफिस मुंबईत, मी रायपुरात, काम लॅपटॉपवर. पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, सगळ्यांना आई सांगत सुटली आहे की आमची पोरगी मुंबईत लागली, घरूनच. तुझा मेल मी प्रिंट काढून जवळ ठेवलाय. कॅमेरा कायम सुरू ठेव, मीटिंगमध्ये एक तरी प्रश्न विचार, काम कुणी देईल याची वाट न बघता मागून घे, फीडबॅक माग. चांगलं लिहिलंयस, कामाचं आहे. मग शेवटच्या दोन ओळी: आपलं नातं कुणाला सांगू नकोस, आणि मागची भिंत बघून घे.

बघितली. समोरच्या खोलीचीच भिंत आहे, कारण राउटर तिथे आहे आणि मागच्या खोलीत नेट पोचत नाही. भिंतीवर बुद्धांचा फोटो, बाबासाहेबांचा फोटो आणि त्याखाली बाबा रेल्वेच्या वॅगन शॉपमधून रिटायर झाले तेव्हाचा सगळ्या फिटर लोकांसोबतचा. रेल्वेचं क्वार्टर सोडलं तेव्हा हे तिन्ही बाबांनी टेम्पोत न ठेवता मांडीवर धरून आणले होते. तुला माहीत आहे ही भिंत. तू हिच्याकडे तोंड करून बारावीचा अभ्यास केलास.

तुला वाटतं आम्ही विसरलो. तुझ्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला तू सत्यनारायण घातलास, ऑफिसच्या लोकांसाठी. घाल बाबा, तुझं घर. पण दारातच बाबांच्या शर्टावरचा बाबासाहेबांचा निळा बिल्ला बघून तू हळूच म्हणालास, "बाबा, हे तेवढं काढता का?" बाबांनी काढला, खिशात टाकला, शिरा खाल्ला, तुझ्या साहेबांना हात जोडले आणि संध्याकाळच्या गाडीने आईला घेऊन परत आले. तेव्हापासून, तीन वर्षं, तू त्यांच्याशी बोललेला नाहीस. भांडले असते तर समजलं असतं. ते भांडले नाहीत, म्हणून तुला तोंड दाखवायची लाज वाटते, असं आई म्हणते. मला तसं वाटत नाही. मला वाटतं तुला त्यांचीच लाज वाटते, आणि मला तुझी शिसारी येते.

एकच मागते. बाबांना एक फोन कर. काय बोलायचं ते सुचलं नाही तर हवापाण्याचं बोल.

दीक्षा


१२ फेब्रुवारी २०२२

दादा,

फोन आला नाही. आईला आला म्हणे, दोन मिनिटांचा, त्यात "पापा ठीक?" एवढंच विचारलंस. पापा कोण? आपल्या घरी बाबा राहतात.

असो. इंटर्नशिपचं सोनं तुझ्या सल्ल्याने करून राहिले आहे. पहिल्याच दिवशी काम मागून घेतलं. आमच्या टीमचे अभिनव सर खूश. म्हणाले, "ग्रेट, दीक्षा! तुम हमारी छोटे शहर की आवाज़ हो." रायपूर एका राज्याची राजधानी आहे, हे मी सांगितलं नाही. मीटिंगमध्ये प्रश्न विचारायचा असतो, दुरुस्ती करायची नसते, एवढं मला कळतं.

आवाजाला काम काय मिळालं ते ऐक. तुमच्या मसाल्याच्या पानावर कॉमेंट लिहायच्या. कधी मी इंदूरची सून असते, कधी बिलासपूरची शिक्षिका, कधी नवऱ्याला डबा देणारी. 'मेरे इन्होंने तो उँगलियाँ ही चाट लीं!' माझं लग्न झालेलं नाही, मला स्वयंपाक येत नाही आणि तुमच्या मसाल्यात मीठ जास्त असतं. आईने एकदा आणून बघितला आणि डबा शेजारी देऊन टाकला. मी फीडबॅक मागितला. अभिनव सर म्हणाले, "थोड़ा और प्यार डालो."

भिंतीचं सांगते. दुसऱ्या आठवड्यात ते म्हणाले, "दीक्षा, बैकग्राउंड थोड़ा न्यूट्रल रखो ना. क्लाइंट भी कभी-कभी आ जाते हैं." मागे नेमकं काय न्यूट्रल नाही, ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मीटिंगमध्ये एक तरी प्रश्न विचारायचा होता, तो मी नेमका तेव्हा विचारला नाही. म्हणजे तुझीच बहीण.

सदर बाजारात जाऊन बदामी रंगाचं कापड आणलं. आई म्हणाली, "हे काहून?" म्हटलं, "उजेड जास्त येते, तोंड काळं दिसते." आईने मान हलवली, पण कापड हातात घेऊन बघितलं नाही. एरवी सदर बाजारातून रुमाल आणला तरी ती चुरगाळून बघते.

मी खिळे ठोकायला गेले तर बाबा म्हणाले, "थांब, भिंत खराब करशील." बाजारातून दांडी आणली, कड्या आणल्या, अर्धा दिवस खपले. फिटरचा हात, तुला माहीतच आहे. पडदा एका बोटाने सरकतो, आवाज होत नाही. मला म्हणाले, "मीटिंग असली का सरकवत जाय, झाली का उघडत जाय. बंद राहू देऊ नको, धूळ बसते." बस. त्यांना सगळं समजलं होतं. एकदा समजलेलं त्यांनी दुसऱ्यांदाही गुपचूप गिळलं, आणि या वेळी गिळायला लावणारी मी होते.

तेव्हा तुला शिव्या घालायचा माझा हक्क जरा कमी झालाय. संपलेला नाही.

फोन कर.

दीक्षा


२३ मार्च २०२२

दादा,

आज मी फार संतापले आहे, अक्षराला नावं ठेवू नकोस.

तुमची पाडव्याची फिल्म. महिनाभर आम्हाला विचारत होते, घरातलं काहीतरी द्या, खरं, अस्सल, आईचं. अभिनव सर मला म्हणाले, "तुम तो महाराष्ट्रियन हो, गुढी का वीडियो भेजो घर का." मी म्हटलं, सर, आमच्याकडे गुढी नाही उभारत. "क्यों?" पुढे तेच म्हणाले, "अच्छा, छत्तीसगढ़ में रहके भूल गए होंगे. सो सैड." मी त्यावर 'हो सर' म्हटलं. आईने मागच्या खोलीतून ऐकलं. नंतर म्हणाली, "भूलून नाही गेलो म्हणून सांगाचं होतं. आपल्याले सगळं याद आहे." आणि भाजीकडे वळली.

तेव्हा ती काय करत होती, सांग पाहू? झाकण किंचित उचललं, डोळे मिटले, वास घेतला आणि चिमूटभर मीठ टाकलं. चाखली नाही. आपल्या आईने भाजी कधी चाखून बघितली आहे? मी तेच लिहून पाठवलं: 'माँ चखती नहीं, सूँघ लेती है.' खरं सांगू, लिहिताना बरं वाटलं. इतक्या दिवसांत पहिली खरी ओळ.

परवा फिल्म दाखवली. ओळ आहे. पण मोठ्या मीटिंगमध्ये अभिनव सर म्हणाले, "ये मेरी नानी से आया." सगळ्यांनी टाळ्यांची चित्रं पाठवली. मीही पाठवलं. काय करणार, कॅमेरा सुरू होता.

मग त्यांनी सांगितलं की क्लायंटकडून फिल्म ज्यांनी पास केली, त्यांनी या ओळीचं फार कौतुक केलं. ब्रँड मॅनेजर लोकेश कुमार. 'वेरी मूविंग' असं लिहिलं होतं म्हणे.

दादा, ती तुझी आई आहे रे. तू ओळखलं नाहीस की ओळखलंस? ओळखलं नसलंस तर तुझी कीव येते. ओळखून 'वेरी मूविंग' लिहिलं असशील तर काय म्हणावं ते मला मराठीत सुचत नाही.

फिल्ममधली आई तू बघितलीच असशील. गोरीपान, पैठणी, नाकात ही एवढी नथ, मागे गुढी. ती मी आईला मोबाईलवर दाखवली. आईने शेवटपर्यंत नीट बघितली आणि विचारलं, "ह्या नथीतून वास कसा घेते हे बाई?" आम्ही दोघी पोट धरून हसलो. बाबा बाहेरून विचारून राहिले, काय झालं, काय झालं. आई म्हणाली, "लोकेशच्या कंपनीची जाहिरात आहे." बाबा चष्मा शोधायला लागले. पुन्हा पुन्हा बघितली त्यांनी. शेवटी तुमच्या कंपनीचं नाव येतं तिथे बोट ठेवून थांबवायचे.

दीक्षा


६ एप्रिल २०२२

दादा,

हे पत्र स्पीड पोस्टने पाठवते आहे, वेळेत पोचावं म्हणून. हे मात्र वाच.

इंटर्नशिप संपत आली. आम्हा तिघा इंटर्नपैकी एकाला कायमची नोकरी देणार आहेत. शेवटचं प्रेझेंटेशन क्लायंटसमोर, चौदा तारखेला सकाळी. मी अभिनव सरांना म्हटलं, त्या दिवशी सुट्टी हवी. त्यांनी विचारलं, "क्या है उस दिन?" मी या वेळी सांगितलं. ते म्हणाले, "ओह, नाइस, बट लिस्ट में नहीं है ना." सुट्ट्यांच्या यादीत नाही. ठीक आहे. आपण प्रेझेंटेशन देऊ, मग विहारात जाऊ.

पुढे ते म्हणाले, "लोकेश सर खुद आ रहे हैं."

आता मी तुझ्याशी भांडत नाही, नीट बोलते. नोकरी मला हवी आहे. फार हवी आहे. इथे बसून दुसऱ्यांच्या सुना होण्याचा वीट आला असला तरी मला लिहिता येतं, हे मला कळलंय. माझ्यासाठी शब्द टाक असं मी म्हणणार नाही. नोकरी कुणाला द्यायची ते तू तुझ्या मनाने ठरव.

पण चौदा एप्रिल आहे. त्या दिवशी मी पडदा सरकवणार नाही. भिंतीला हार असेल, खाली मेणबत्ती असेल, बाबा पांढरे कपडे घालून घरात असतील आणि शर्टावर बिल्ला असेल. मी त्यांना काहीही सांगितलेलं नाही, कारण ऐन वेळी तू आला नाहीस तर त्यांच्याकडे बघवणार नाही. पण तू आलास आणि ते मागून गेले, तर त्यांना तू दिसशील. तीन वर्षांनी. त्यांना ओळख दाखवू नकोस, हात जोडू नकोस, बाबा म्हणू नकोस. तुझ्या साहेबांना काही कळायला नको, कबूल. फक्त कॅमेरा सुरू ठेव. त्यांना तुला पोटभर बघू दे. सगळं मिळून एवढंच.

दीक्षा


१७ एप्रिल २०२२

लोकेश,

पत्र तुला मिळालं होतं. पोस्टाच्या साइटवर दिसतं, सही तुझी आहे.

तू आलास. कॅमेरा सुरू ठेवून आलास. केस विरळ झालेत तुझे. मी बोलत होते आणि तू मान खाली घालून काहीतरी लिहून घेत होतास, पण मध्ये एकदा तू माझ्या मागे भिंतीकडे बघितलंस. बघितलंस, मी पाहिलं. त्या क्षणी माझ्या मनातलं सगळं विष उतरलं, खोटं कशाला बोलू. मला वाटलं, हा पत्र वाचून आलाय. मी इतकं छान बोलले की अभिनव सरांनी मध्ये एकदाही तोंड घातलं नाही.

माझं झालं, मी माझा माइक बंद केला आणि ते बोलायला लागले. तेवढ्यात बाबा आत आले. हातात खिरीची वाटी, माझ्यासाठी. आई मागून म्हणत होती, "जाऊ नका हो, तिचं चालू आहे." त्यांनी ऐकलं नाही. वाटी ठेवायला वाकले आणि त्यांना स्क्रीन दिसली. मग म्हणाले, "हा आपला लोकेश होय ना वं?"

मी म्हटलं, "हव बाबा."

तुला आमचा आवाज येत नव्हता, पण पुढचं तुला दिसलं असेल. त्यांचा हात शर्टाकडे गेला. एका हातात खिरीची वाटी, दुसऱ्या हाताने ते बिल्ला काढायला लागले. कुणी सांगितलं नव्हतं. तू साहेब लोकांत बसलेला दिसलास आणि त्यांचा हात आपोआप तिकडे गेला. त्यांना वाटलं, पोराला अडचण व्हायला नको.

आणि तुझा चौकोन काळा झाला.

चॅटमध्ये तुझी ओळ आली: 'नेटवर्क इश्यू, प्लीज़ कंटिन्यू.' कॅमेऱ्याला नेट नव्हतं आणि टायपिंगला होतं. ती ओळ बाबांना वाचता येऊ नये म्हणून मी पटकन खाली सरकवली.

बाबा काळ्या चौकोनाकडे वाकून बघत होते. "लाईट गेली का त्याच्याकडं?"

"हव बाबा. लाईट गेली."

"मी काढूनच राहिलो होतो," ते म्हणाले. "पिन अटकली. एका हातानं निघते का! तेवढं थांबला असता तर..." मग त्यांनी वाटी माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "खाय, थंडी होईल." बिल्ला अर्धवट लोंबत होता. आईने येऊन तो पुन्हा नीट लावला. नंतर आम्ही तिघं विहारात गेलो. रस्ताभर ते एकच सांगत होते, त्या पिनचं.

आता दुसरं ऐक, म्हणजे तुला ठाऊकच आहे, कारण अभिनव सरांच्या मेलमध्ये तुझंही नाव होतं. त्यांना माझी भिंत आवडली! जिला तीन महिने न्यूट्रल करायला लावलं ती आता 'इतनी रॉ, इतनी रियल' आहे. पुढच्या वर्षी जयंतीला तुमच्या मसाल्याची फिल्म करू म्हणतात. निळा रंग, खीर, पांढऱ्या कपड्यातले बाबूजी. खिरीत मसाला नसतो हे त्यांना कुणी सांगावं? माझ्याकडून भिंतीचे फोटो मागितले, बाबांचा बिल्ल्यासकट व्हिडिओ मागितला आणि खाली लिहिलं की नोकरीचंही आपण सोबतच बोलू. तो मेल मी दोनदा वाचला. जे झाकायला लावलं तेच विकायला काढायचं, आणि मी त्यात आणखी प्यार घालायचं.

मी एका ओळीत उत्तर दिलं: भिंत आमची आहे, मिळणार नाही. त्यांचं उत्तर आलं, 'नो वरीज़, हम देखते हैं.' म्हणजे नोकरी गेली. गेली तर गेली. इथे कुठेतरी लिहायचं काम मिळेल, आणि नाही मिळालं तर तुझ्यासारखं होण्यापेक्षा ते बरं. तू त्या मेलवर काहीच लिहिलं नाहीस. हो नाही, नाही नाही. न्यूट्रल.

काल मी बाबांना म्हटलं, आता पडद्याचं काम संपलं, दांडी काढून टाका. ते स्टुलावर चढले, कड्या हलवून बघितल्या आणि खाली उतरले. म्हणाले, "राहू दे. लोकेश कधी घरून काम कराले आला तर त्याले लागन."

यानंतर मी तुला पत्र लिहिणार नाही. तुझी मला इतकी किळस आली आहे की आज दादा लिहायलाही हात धजला नाही, वर बघितलंच असशील. पण ते रोज संध्याकाळी फोन समोर ठेवून बसतात आणि आईला विचारतात, तिकडं लाईट आली असेल का. त्यांना वाटतं, आपल्याला उशीर झाला म्हणून पोरगा निघून गेला. ही एवढी गोष्ट त्यांच्या डोक्यातून काढ. माफी मागू नकोस, ती त्यांना कळणार नाही, उलट तेच तुझी मागतील. फोन कर आणि म्हण, बाबा, त्या दिवशी लाईट गेली होती.

खोटं तुला सराईतपणे बोलता येतं. एकदा आमच्यासाठी बोल.

जयभीम.

दीक्षा धर्मपाल सुखदेवे